जॉबकार्डावर काय लिहिलं जातं

घाटाच्या चढावर गाडी आपोआप न्यूट्रलला जाते, ॲक्सिलरेटर दाबला तरी पुढे सरकत नाही, असं मी सांगायचे आणि काउंटरवरचा सर्व्हिस ॲडव्हायझर जॉबकार्डावर लिहायचा, 'जनरल चेकअप'. कधी 'पिकअप कमी, तपासणे'. संध्याकाळी गाडी धुऊनपुसून परत मिळायची आणि खाली शेरा असायचा: 'दोष आढळला नाही, ग्राहकास समजावून सांगितले.' मग सहीसाठी पेन पुढे यायचं.

गाडी नवीकोरी, ऑटोमॅटिक गिअरची. पुण्याहून साताऱ्याला निघालं की खंबाटकीच्या चढावर तिचा गिअर सुटायचा. मागे माल भरलेले ट्रक, शेजारच्या सीटवर आई, इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी हळूहळू मागे सरकतेय. ही भीती ज्याने अनुभवली आहे त्यालाच कळेल. वर्कशॉपची माणसं मात्र गाडी शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर चालवून बघत, तिथे ती काहीच तक्रार करत नसे. सॉफ्टवेअर अपडेट झालं, क्लचप्लेट बदलली. घाटातलं दुखणं तसंच राहिलं. मग सूर बदलला: मॅडम, तुमची चालवायची पद्धत चुकते, क्लच तुम्हीच जाळता.

या काळात ग्राहक पंचायतीचं काम करणारे एक काका भेटले. कागद चाळून ते म्हणाले, "ताई, यात तुमची तक्रार कुठेच नाही. उद्या ग्राहक आयोगासमोर कंपनी हेच कागद ठेवून म्हणेल, बाई नेहमीच्या सर्व्हिसिंगला येत होत्या."

वाहन खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला मला हेच सांगायचं आहे. आपला कायदा ग्राहकाला बरंच काही देतो, पण त्या बदल्यात एक गोष्ट मागतो: दोष गाडीत मुळातून होता, याचा पुरावा. तो पुरावा वकिलाकडे जाण्याच्या कितीतरी आधी, वर्कशॉपच्या काउंटरवर तयार होतो किंवा बुडतो.

त्यानंतर मी तक्रार माझ्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय सही केली नाही. 'सिस्टीममध्ये एवढं लिहिता येत नाही' असं उत्तर आलं, तर दोन्ही प्रतींवर पेनाने लिहायचं: कुठल्या चढावर, किती किलोमीटर चालल्यावर, डॅशबोर्डवर काय दिसलं. त्याच दिवशी तेच वाक्य डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला, दोघांना एकत्र ईमेलने पाठवायचं. गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख कागदावर हवी, कारण गाडी वर्कशॉपमध्ये किती काळ पडून होती हे पुढे फार बोलकं ठरतं. शेजारी बसलेल्याने व्हिडिओ घ्यावा, त्यात गिअरचा दिवा आणि किलोमीटरचा आकडा दोन्ही दिसावेत. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवावी. गाडी टो करून न्यावी लागली तर रोडसाइड असिस्टन्सची पावती जिवापाड जपावी. कंपनीच्याच माणसाने गाडी बंद अवस्थेत उचलल्याचा तो दाखला असतो.

आता कायद्याचं. सध्या लागू असलेला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. बहुतेकांची समजूत अशी, की वॉरंटीत बिघाड झाला म्हणजे नवी गाडी मिळालीच पाहिजे. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका कार उत्पादकाच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, त्यासाठी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. गाडी बदलून किंवा पैसे परत हवे असतील, तर दुरुस्तीने न जाणारा निर्मितिदोष सिद्ध करावा लागतो. अमेरिकेतल्या राज्यांत 'लेमन लॉ' आहेत. ठरावीक वेळा दुरुस्ती करूनही तोच बिघाड राहिला, तर कंपनीवर गाडी बदलून देण्याची किंवा परत घेण्याची जबाबदारी येते. आपल्याकडे असा आकडा कायद्यात नाही. तो असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तोवर आपल्या हाती आहे कलम ३८. जो दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तो आयोग योग्य प्रयोगशाळेकडून तपासून घेऊ शकतो. तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरायची असते. ती भरायला कचरू नका. तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय किती तरी खऱ्या तक्रारी फेटाळल्या जातात.

आम्हीही शेवटी आयोगात तक्रार दाखल केली, तेव्हा आयोगाने सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्राध्यापकांकडे गाडी सोपवली. तपासणी चढावर, इंजिन पूर्ण तापलेलं असताना व्हावी, असा अर्ज आम्ही आधीच दिला होता. तो अर्ज नसता तर पुन्हा सपाट रस्त्यावरचीच चाचणी झाली असती. अहवालात आलं, की तापल्यावर क्लच ॲक्च्युएटरचा दाब पुरेसा राहत नाही आणि याचा चालकाच्या पद्धतीशी संबंध नाही.

काही वेळा मात्र घटनाच बोलते. एका अपघातात एअरबॅग उघडल्याच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला आणि सांगितलं, की धडकेचा वेग आणि बळ यांचं गणित मांडणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असण्याची अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही. सुरक्षिततेच्या उपकरणांबाबत तक्रार असेल, तर हा निकाल वकिलाच्या नजरेस आणून द्या.

तक्रारीत डीलर आणि उत्पादक दोघांनाही सामील करा, आणि कोणी काय केलं हे वेगवेगळं मांडा. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने २००९ साली बनलेली, वापरलेली गाडी २०११ मध्ये नवी म्हणून दिली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालय म्हणालं, की डीलरच्या या कृत्याची उत्पादकाला माहिती होती असं दाखवलेलं नाही, म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. गाडी ताब्यात घेण्याआधी काय बघावं, तेही या प्रकरणातून कळतं. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला. त्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं. चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळवा, ओडोमीटर बघा, आणि पीडीआय, म्हणजे ताबा घेण्याआधीची तपासणी, नोंदणी होण्याआधीच करा. नंबर पडल्यावर गाडी बदलून घेणं फार अवघड होतं.

तक्रार कुठे करायची याचा बाऊ होतो, पण हा भाग सोपा आहे. आपण राहतो किंवा नोकरी-धंदा करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. बिलावर 'फक्त अमुक शहराच्या न्यायकक्षेत' असं छापलं असलं तरी हा हक्क कायद्याने दिलेला आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. फी नाममात्र आहे: ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. दाव्याआधी तोडगा निघतो का बघायचं असेल, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. कर्जावर घेतलेली गाडी असली तरी ग्राहक आपणच. टेम्पो किंवा रिक्षा स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतली असेल तर ती घेणाराही ग्राहकच. फक्त नफ्याच्या धंद्यासाठी घेतलेल्या वाहनांना हे संरक्षण नाही.

दोन गोष्टी रागाच्या भरात घडतात. पहिली, ईएमआय थांबवणं. बँकेने पैसे दिले, गाडी बनवली नाही. हप्ता चुकला की दंड आणि क्रेडिट स्कोअर या दोन्हींचा फटका आपल्यालाच बसतो. हप्ते भरत राहा आणि व्याजाची रक्कम भरपाईत मागा. दुसरी, 'कंपनी बघतेय, थांबू या' असं म्हणत वेळ घालवणं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ईमेलची देवाणघेवाण चालू राहिली म्हणून ती आपोआप वाढत नाही.

निकाल तीन महिन्यांत आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत लागावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, आमचाही गेला. समोरच्याने उत्तरासाठी तारखा मागत राहावं, एवढी मोकळीक मात्र नाही. त्याला ३० आणि वर फार तर १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलं आहे.

अहवाल आल्यावर कंपनीने मध्यस्थीची तयारी दाखवली. आम्ही मान्य केली, पण अटी शब्दशः लिहून घेतल्या: संपूर्ण नवी ट्रान्समिशन असेंब्ली, तिचा पार्ट नंबर बिलावर, बसवल्या दिवसापासून नवी वॉरंटी, तोच बिघाड पुन्हा आला तर किंमत परत, आणि दाव्याचा खर्च. ही तडजोड आयोगाच्या आदेशात नोंदवून घेतली. आदेश पाळला नाही तर किमान एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. डीलरच्या लेटरहेडवरच्या समाधानपत्राला एवढी ताकद नसते.

माझी गाडी आता चढते. पण त्याच मॉडेलच्या, त्याच ॲक्च्युएटरच्या गाड्या रोज वरंधा, कुंभार्ली आणि आंबा घाटात चढत असणार, त्यांत लहान मुलं बसलेली असणार. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि त्याखालचे रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलावून दोष काढायला लावू शकतं, आणि दंड १० लाखांपासून एक कोटीपर्यंत होतो. या तक्रारी रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर नोंदवायच्या असतात. मी माझी नोंदवली. तुमच्या गाडीतही असा दोष निघाला असेल, तर तुमचं प्रकरण मिटलं तरी ती नोंद करा.