माकडहाड, कार्ल्याचा खडक आणि निर्माता



लोणावळ्याजवळच्या एका वस्तीतील विहारात रविवारी त्रिशरण-पंचशील झाले, वंदना झाली आणि माणसे उठू लागली. तेवढ्यात नववीतल्या एका मुलाने विचारले, "माणूस माकडापासून झाला म्हणतात, तर मग आपल्या घाटातली माकडं अजून माणसं का होत नाहीत?" सगळे हसले. एक वृद्ध आजीबाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "बाळा, कार्ल्याची लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली. तशीच ही दुनियाबी कोणीतरी केलीच असंल ना?"

आजीबाईंनी दीक्षा घेतलेली आहे, बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ आहेत. तरीही निर्माता त्यांच्या मनातून गेलेला नाही. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली गोष्ट एका दिवसात जात नसते. म्हणून आजच्या पाठात दोघांनाही उत्तर द्यावयाचे आहे.

प्रथम आजीबाईंचा प्रश्न घेऊ. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत लेख आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्ण केले, असे एक लेख सांगतो. दुसऱ्या लेखात धेनुकाकट गावचा सुतार सामी, वेणुवासाचा पुत्र, याने दरवाजा केल्याची नोंद आहे. आतल्या खांबांवर कोणी कोणता खांब दिला त्याची नावे आहेत, आणि त्यांत यवनही आहेत. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी पैसा घातला, घाम गाळला आणि आपली नावे लिहून ठेवली. पुढे ती लिपी वाचणारे उरले नाहीत, तेव्हा पांडव आले. सामी सुताराचे श्रेय पांडवांच्या खात्यावर जमा झाले, हे मला नेहमी खटकते.

आता पाहा, सामीला काम करताना आपल्यापैकी कोणी पाहिले? कोणीच नाही. तरी आपण खात्रीने बोलतो, कारण दगडावर लेख आहे, छिन्नीचा घाव आहे. डोळ्यांनी पाहिले नाही म्हणजे कळलेच नाही, असे होत नाही.

हा मुद्दा नीट धरून ठेवा. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद येथे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे जाहीर केले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी लिहिलेले नाही, सांगितलेले नाही. म्हणून शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल व्हावा, असे त्यांचे म्हणणे. हे गृहस्थ रसायनशास्त्र शिकलेले, मुंबईचे माजी पोलीस आयुक्त! ज्या गुन्ह्याला साक्षीदार नाही तो पोलीस कसा शोधतात? बोटांच्या ठशांवरून, रक्ताच्या डागावरूनच ना? देशातील तीन विज्ञान अकादमींनी तत्काळ संयुक्त पत्रक काढून, उत्क्रांतीच्या मूळ तथ्यांविषयी शास्त्रज्ञांत वाद नाही, असे स्पष्ट केले.

उत्क्रांतीचे ठसे कोठे आहेत? पहिला पुरावा आपल्या पायाखाली आहे. खंडाळ्याच्या घाटात काळ्या दगडाचे थर एकावर एक पायऱ्यांसारखे दिसतात. ते लाव्हारसाचे थर आहेत. भूशास्त्रात यांतील एका गटाला 'लोणावळा' हेच नाव आहे. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. हे वय कसे काढले? दगडातील पोटॅशियमचा एक प्रकार हळूहळू मोडून आरगॉन वायू होतो. सुमारे १२५ कोटी वर्षांत तो निम्मा उरतो. लाव्हा तप्त असताना वायू निसटतो, दगड थिजला की आत कोंडला जातो. किती कोंडला ते मोजले की दगड कधी थिजला ते कळते. कार्ल्याचे लेणे याच खडकात कोरले आहे. लेणे दोन हजार वर्षांचे, खडक कोट्यवधी वर्षांचा!

मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच थरांच्या मध्ये सापडलेल्या गाळाच्या दगडात बेडकांचे जीवाश्म मिळाले. त्या थरांत माणसाचे एकही हाड नाही. एक जरी मिळाले असते तरी डार्विन अडचणीत आला असता. खऱ्या पुराव्याची ही खूण आहे की तो उलटही निघू शकतो.

दुसरा पुरावा आपल्या पाठीच्या कण्याच्या टोकाला आहे. त्याला आपल्या आयाबायांनी डार्विन न वाचताच नाव दिले आहे: माकडहाड. शेपूट नाही, पण शेपटीच्या मुळाचे हाड शिल्लक आहे.

आता त्या मुलाचा प्रश्न. घाटातले माकड हे आपले आजोबा नव्हे, दूरचे चुलतभाऊ आहे. आजोबा एकच होते, पुढे वाटण्या झाल्या. चुलतभाऊ आपल्यासारखा का होत नाही, असे कोणी विचारते काय? चिंपांझी आपल्याला त्याहून जवळचा. त्याचे आणि आपले घराणे साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले.

"तेविज्ज सुत्तात" भगवान बुद्धांनी वासेट्ठ आणि भारद्वाज या तरुणांना विचारले आहे की, तुमच्या आचार्यांपैकी, त्यांच्या सात पिढ्यांपैकी, ब्रह्म्याला प्रत्यक्ष पाहिलेला कोणी आहे काय? बाबासाहेबांनी हा संवाद आपल्या ग्रंथात घेतला. कोणी म्हणेल, मंत्र्यांनीही तेच विचारले! तसे नाही. ब्रह्म्याला कोणी पाहिले नाही आणि त्याचा मागही कोठे नाही. निर्मितीच्या गोष्टीत मात्र मुखातून ब्राह्मण आणि पायांतून शूद्र आला. ज्याने माणूस घडवला त्यानेच त्याची पायरीही ठरवली, हे त्या गोष्टीचे फळ आपल्या आजे-पणज्यांनी भोगले आहे.

जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी दशावतार हीच उत्क्रांती असल्याचे सांगितले. मासा, कासव, डुक्कर ही शिडी नव्हे. डुक्कर माणसाचा पूर्वज नाही. पण आपणही सावध राहावे. "अग्गञ्ञ सुत्तात" सर्व विज्ञान आहे, असे आपले काही उपासक उत्साहाने सांगतात. तसे म्हणू नये. वासेट्ठ सुत्तात मात्र बुद्धांनी सांगितले की गवत, कीटक, पक्षी यांच्यात जातीची चिन्हे वेगळी दिसतात, माणसामाणसांत दिसत नाहीत. हे कोणीही डोळे उघडून तपासू शकतो.

पालकांनी एक लक्षात ठेवावे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला; २०२३ मध्ये अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध सह्या केल्या. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाला तो पुन्हा भेटत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच पाठ आहे. तो मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा, आजीबाईंनाही ऐकू येईल असा.

शेवटी आजीबाईंनी विचारले, "मग पहिला जीव कोणी केला?" सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म जीवांच्या खुणा दगडांत सापडतात. त्याआधी काय घडले ते शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत, आणि तसे ते मोकळेपणाने सांगतात. आजीबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या रविवारी कार्ल्याला जाऊ. त्या सुताराचं नाव कुठं लिवलंय, ते मला दाखवा."