फाइलींची गाठोडी व ती सोडविण्याचा प्रश्न

संगणकावरील अनेक फाइली एकत्र बांधावयाच्या व दाबून त्यांचे एक लहान गाठोडे करावयाचे, हा प्रकार आता शाळेतील मुलांसही परिचित आहे. परंतु परगावच्या आप्ताने पाठविलेले छायाचित्रांचे गाठोडे आपल्या संगणकावर उघडतच नाही, असा अनुभवही पुष्कळांस येतो. अशा वेळी ‘या सॉफ्टवेअरला सर्व फॉरमॅट उघडता आले पाहिजेत’ ही मागणी सहजच तोंडून निघते. ती कितपत योग्य व कोणत्या रीतीने करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम, फाइल दाबणे म्हणजे काय ते पाहू. जमाखर्चाच्या जुन्या वहीत तेच नाव पुन्हा आले, की कारकून ते न लिहिता ‘कित्ता’ एवढेच लिहीत असे. अर्थ पूर्ण कळे आणि श्रमही वाचत. १९७७ साली अब्राहम लेंपेल व याकोब झिव या इस्रायली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेली पद्धत तत्त्वतः हीच होय. जो मजकूर मागे येऊन गेला, त्याच्या जागी ‘इतके मागे जा व तेथून इतकी अक्षरे घे’ एवढीच खूण ठेवावयाची. दुसरी युक्ती डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली मांडली. वारंवार येणाऱ्या चिन्हास आखूड संकेत द्यावयाचा, क्वचित येणाऱ्यास लांब. या दोहोंच्या संयोगातून ‘डिफ्लेट’ पद्धत निघाली, व फिल कॅट्झ यांच्या १९८९ सालच्या झिप फॉरमॅटात ती पुढे रूढ झाली. मराठीस हिचा चांगला लाभ होतो. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते, आणि त्यांपैकी पहिला बाइट सर्व चिन्हांत एकच असतो. एवढी पुनरावृत्ती असल्यावर मजकूर दबला जावा, यात नवल ते काय?

मग एकच फॉरमॅट पुरेसा का होत नाही? कारण प्रत्येकाचा हेतू निराळा. इगोर पाव्हलोव्ह यांनी १९९९ साली आणलेल्या सेव्हन-झिप सॉफ्टवेअरचा ७झेड फॉरमॅट बहुधा झिपपेक्षा अधिक दाबतो, परंतु त्यास वेळ अधिक लागतो. यान कोले यांचा, २०१६ साली खुला झालेला झेडस्टँडर्ड वेगास महत्त्व देतो. युजीन रोशाल यांच्या रार फॉरमॅटाची गोष्ट आणखी वेगळी. तो उघडण्याची आज्ञावली इतरांस वापरता येते, परंतु तिच्या साहाय्याने रार बांधणारे सॉफ्टवेअर करण्यास परवान्याची मनाई आहे. म्हणूनच सेव्हन-झिप रार उघडते, पण बांधत नाही. यास्तव मागणी करताना ‘उघडणे’ व ‘बांधणे’ यांत भेद केला पाहिजे.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. विनरार हे प्रसिद्ध सॉफ्टवेअर ‘एस’ नावाचा एक जुना फॉरमॅटही उघडीत असे. त्यासाठी लागणारा भाग त्यांनी बाहेरून घेतला होता, व त्याची मूळ आज्ञावली त्यांच्यापाशी नव्हती. २०१९ साली संशोधकांनी दाखवून दिले, की या भागात एक छिद्र आहे. त्यातून दुष्ट हेतूने बांधलेल्या गाठोड्यातील फाइल मालकाच्या नकळत भलत्याच जागी ठेविता येई, आणि संगणक पुन्हा सुरू होताच ती आपले काम करू लागे. हे छिद्र एकोणीस वर्षांहून अधिक काळ तसेच होते! मूळ आज्ञावलीच हाती नसल्याने दुरुस्ती अशक्य झाली, व अखेर त्या फॉरमॅटास रजा द्यावी लागली. याउलट, मायक्रोसॉफ्टने २०२३ साली विंडोज ११ मध्ये रार, ७झेड इत्यादी फॉरमॅट उघडण्याची सोय केली, ती ‘लिबआर्काइव्ह’ या खुल्या संग्रहाच्या आधारे. त्यातही दोष निघू शकतात, परंतु ते पाहण्यास व सुधारण्यास कोणासही मज्जाव नाही.

यावरून निष्कर्ष उघड आहे. अधिक फॉरमॅट उघडता यावेत ही मागणी रास्तच आहे, कारण न उघडणारे गाठोडे असून नसल्यासारखे. तथापि प्रत्येक नवा फॉरमॅट म्हणजे घरास नवे दार, आणि दाराची राखण कोणास तरी करावी लागते. हे काम करणारे पुष्कळ जण विनावेतन करितात. म्हणून अशी विनंती नीट लिहिलेल्या अर्जासारखी असावी. फॉरमॅटाचे नाव काय, तो कोठे वापरात आहे, केवळ उघडावयाचा की बांधावयाचाही, त्याचे वर्णन प्रसिद्ध आहे काय, आणि तयार खुली आज्ञावली मिळते काय, हे त्यात स्पष्ट लिहावे व नमुन्याची एक फाइल सोबत जोडावी.

पालकांस एवढेच सुचवावेसे वाटते, की कुटुंबातील कागदपत्रे व छायाचित्रे वर्षानुवर्षे जपावयाची असल्यास ज्याचे वर्णन सर्वांस खुले आहे असाच फॉरमॅट निवडावा. थोडी जागा अधिक गेली तरी चालेल. नातवंडांस ते गाठोडे सोडविता आले पाहिजे.