रूट कॅनाल झाले, दुखणे थांबले. पण कॅपचे काय?

गावातील एक निवृत्त गुरुजी दाढदुखीने रात्रभर तळमळून सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वीच पायरीवर येऊन बसले होते. खालची मोठी दाढ आतपर्यंत किडली होती. तीन-चार वेळा बोलावून रूट कॅनाल केले, दाढ भरली आणि दुखणे थांबले. शेवटच्या दिवशी मी म्हणालो, "गुरुजी, आता यावर कॅप बसवून घ्या." ते हसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दुखत नाही ना आता? मग बघू दिवाळीनंतर. घरात मुलीचे लग्न आहे."

दिवाळी गेली, लग्नही झाले. आठ महिन्यांनी गुरुजी गालाला रुमाल लावून आले. फुटाणे खाताना दाढ कडकन दुभंगली होती आणि चीर मुळात खोलवर गेली होती. अशी दाढ वाचत नाही, ती काढावीच लागली. रूट कॅनालचा खर्च आणि मारलेले खेटे, दोन्ही वाया गेले.

दोष एकट्या गुरुजींचा नव्हता. रूट कॅनाल आणि कॅप ही दोन वेगळी कामे नसून एकाच कामाचे दोन भाग आहेत, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी, खर्चासह, सांगायला हवे होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला ते आधी सांगतो. आज वाचकांनाही तेच सांगतो आहे.

दुखत नाही, मग कॅप कशाला?

रूट कॅनालमध्ये दाताच्या आतील खराब झालेली नस काढतात, मुळांतील पोकळ्या साफ करतात आणि औषधी पदार्थाने भरून बंद करतात. त्यामुळे दुखणे थांबते. परंतु किडीने दाढ आधीच पोखरलेली असते, त्यात मुळापर्यंत पोहोचण्यासाठी आम्हाला वरून वाट करावी लागते. शेवटी मधे भरलेले सिमेंट आणि भोवती पातळ भिंती एवढेच उरते. चावताना सर्वाधिक जोर दाढांवर येतो. त्या जोराने या भिंती बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात आणि एखाद्या दिवशी फुटतात.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात, ती कशासाठी? चाकाचे तुकडे चहूबाजूंनी आवळून धरण्यासाठी. कॅप नेमके तेच काम करते. ती दाताला वरून झाकते, त्याहीपेक्षा सभोवार आवळून धरते. म्हणून दाढेचे रूट कॅनाल झाले की शक्यतो महिन्याभरात कॅप बसवावी. समोरच्या दातांना मात्र दर वेळी कॅप लागतेच असे नाही. दाताचा बराच भाग शाबूत असेल तर नुसते भरूनही भागते.

रूट कॅनाल न झालेल्या, पण मोठा तुकडा उडालेल्या किंवा फार झिजलेल्या दातालाही कॅप लागते. लहान मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांना तयार स्टीलच्या कॅप बसवतात. "पडणारच आहे, कशाला खर्च?" असे पालक विचारतात. पण दुधाच्या दाढा साधारण १० ते १२ व्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. तोपर्यंत मुलाने जेवायचे कशाने?

कोणती कॅप घ्यावी?

पूर्ण धातूची कॅप मजबूत असते, दात कमी घासावा लागतो आणि खर्चही कमी येतो. ती दिसायला दातासारखी नसते, पण मागच्या दाढेला कोण पाहणार? आत धातू आणि वर दाताच्या रंगाचे सिरॅमिक असलेली कॅप दिसायला चांगली असते. मात्र वरचा टवका कधीकधी उडतो आणि काही वर्षांनी हिरडीजवळ काळसर कड दिसू शकते. झिर्कोनियाची कॅप धातूविरहित, दातासारखी आणि भक्कम असते, पण महाग पडते. नकली दागिन्यांनी ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण काही धातूंच्या कॅपमध्ये निकेल असते.

खर्चाचे विचारायला लाजू नये. खासगी दवाखान्यातील खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे काम कमी खर्चात होते. मात्र तेथे वेळ काढून, दोन-चार चकरांची तयारी ठेवूनच जावे.

काम कसे चालते?

कॅपला जागा व्हावी म्हणून दात सर्व बाजूंनी सुमारे १ ते २ मिलिमीटर घासतात. दात जिवंत असेल तर आधी सुन्न करण्याचे इंजेक्शन देतात. बधिरपणा दोन-तीन तास राहतो. तोवर काही खाऊ नये आणि गरम चहा तर मुळीच घेऊ नये. ओठ, गाल चावले किंवा भाजले तरी कळत नाही. घासून झाल्यावर दाताचे माप घेतात. ते लॅबोरेटरीत जाऊन कॅप तयार होऊन यायला साधारण आठवडा लागतो. दाताच्या रंगाशी रंग जुळवून घ्यायचा असेल तर दिवसाउजेडी जावे.

मधल्या काळात बहुधा तात्पुरती कॅप लावतात. ती मुद्दाम सहज निघेल अशी चिकटवलेली असते. त्या बाजूने चिक्की, च्युइंगगम, कडक पदार्थ खाऊ नयेत. ती पडली तर घासलेला दात उघडा राहून ठणकतो, हिरडी त्यावर चढते आणि मग नवी कॅप नीट बसत नाही. म्हणून लगेच दवाखान्यात यावे.

कायमची कॅप बसवल्यावर पहिले २४ तास त्या बाजूने कडक आणि चिकट खाऊ नये. दात मिटताना कॅप आधी टेकत असेल, म्हणजे आपण म्हणतो तशी "उंच लागत" असेल, तर "होईल सवय" म्हणून गप्प बसू नये. पाच मिनिटांत ती घासून बरोबर करता येते. तशीच ठेवली तर दात दुखू लागतो.

कॅप किडत नाही, दात किडतो

कॅप बसली की दात अमर झाला, असा अनेकांचा समज असतो. कॅपला कीड लागत नाही हे खरे; पण कॅपची कड जिथे हिरडीपाशी संपते तिथे खाली आपलाच दात असतो. त्या सांध्यात अन्न साचले की कीड आत शिरते. नस काढलेली असल्यामुळे दात दुखून सावधही करत नाही. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

• सकाळी आणि रात्री झोपताना मऊ ब्रशने दात घासावेत. ब्रश हिरडीकडे तिरका धरून कॅपची कड हळुवार साफ करावी.
• दोन दातांच्या फटीत दिवसातून एकदा फ्लॉसचा दोरा किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश फिरवावा. आगकाडी, सेफ्टी पिन घालू नये.
• मिश्री, तंबाखू आणि राख पूर्ण बंद करावी. राखेने दात आणि हिरडी झिजते. मिश्री हाही तंबाखूच आहे आणि त्याने तोंडाचा कर्करोग होतो.
• कॅपच्या दाताने सुपारी फोडणे, ऊस सोलणे, हाड चघळणे, बाटलीचे झाकण उघडणे टाळावे.
• झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री लावायचा गार्ड करून घ्यावा.
• मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी, नाहीतर हिरड्या लवकर खराब होतात.
• दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावे.

हिरडीतून रक्त येते म्हणून काहीजण तिथे घासणेच सोडतात. बहुधा ते रक्त साचलेल्या घाणीमुळे येत असते. घासणे सोडू नये, डॉक्टरांना दाखवावे.

कॅप निघाली तर फेकू नये. धुऊन डबीत ठेवावी आणि एक-दोन दिवसांत घेऊन यावे. बऱ्याचदा तीच पुन्हा बसते. दुकानातल्या झटपट गमने घरी चिकटवू नये, सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नये. चुकून गिळली गेली तर बहुतेक वेळा शौचावाटे निघून जाते. पण ठसका लागून खोकला थांबत नसेल किंवा दम लागत असेल तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

नीट सांभाळलेली कॅप १०-१५ वर्षे सहज टिकते. त्याहून जास्त टिकलेल्याही मी पाहिल्या आहेत.

गुरुजी आता एकाच बाजूने जेवतात. समोर आधार न राहिल्याने त्यांची वरची दाढही हळूहळू खाली उतरू लागली आहे. गेल्या वर्षी ते पत्नीला घेऊन आले. त्यांच्याही दाढेचे रूट कॅनाल करायचे होते. मी बोलण्याआधीच गुरुजींनी विचारले, "डॉक्टरसाहेब, कॅपची तारीख आजच लिहून द्या."