मागची गाडी अंगावर येते तेव्हा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळ सोडले की खंडाळा लागते आणि लगेच समोर खंबाटकीचा घाट उभा राहतो. (हे खंडाळे सातारा जिल्ह्यातले, लोणावळ्याशेजारचे नव्हे.) घाटाच्या अलीकडे नीरेचे खोरे, पलीकडे कृष्णेचे. दोन्हीकडे ऊस पिकतो. हिवाळ्यात साखर कारखान्यांचे गळीत सुरू झाले की या भागातील रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि त्यांच्यामागे उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या दिसू लागतात. विद्यार्थी मित्रांनो, अशी ट्रॉली चढावर दमाने जाताना तुम्ही पाहिली असेल. चढावर काळजी असते ती इंजिनाची. पण खरा प्रश्न उतारावर येतो. ही एवढी ओझ्याची गाडी थांबवायची कोणी?

बैलगाडी हाकलेल्या जुन्या माणसांना हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. उतार लागला की भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येते. म्हणून चाकावर लाकूड दाबून चाकच आवळत आणि गाडीचा भार बैलांवर येऊ देत नसत. या युक्तीत एक मोठे तत्त्व दडले आहे: ओझे ज्या चाकांवर आहे, त्याच चाकांना ब्रेक हवा. ते कसे, हे आपण थोडे गणित करून पाहू.

समजा, ट्रॅक्टरचे वस्तुमान 2 टन आणि भरलेल्या चारचाकी ट्रॉलीचे 10 टन आहे. दोन्ही मिळून 12,000 किलोग्रॅम. उतार 20 मीटरला 1 मीटर आहे. गुरुत्व त्वरण सोयीसाठी 10 धरू. मग ही जोडी उताराच्या दिशेने 12,000 × 10 ÷ 20, म्हणजे 6,000 न्यूटन बलाने ओढली जाते.

आता रोखणारे बल पाहू. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतात ते फक्त मागच्या दोन चाकांना. या चाकांवर 1,500 किलोग्रॅमचा भार आहे असे धरा. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक 0.6 घेतला, तर जास्तीत जास्त घर्षणबल 1,500 × 10 × 0.6, म्हणजे 9,000 न्यूटन मिळते. त्यातले 6,000 उतारानेच खाल्ले. गाडी थांबवायला उरले 3,000 न्यूटन. त्याला 12,000 ने भागले की ऋण त्वरण येते दर सेकंदाला फक्त 0.25 मीटर प्रति सेकंद. ताशी 18 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 5 मीटर वेगाने येणारी ही गाडी थांबायला किती अंतर लागेल? वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट: 25 ÷ 0.5 = 50 मीटर. धावणाऱ्या मुलाला मागे टाकता येईल अशा वेगाच्या गाडीला थांबायला पन्नास मीटर!

रस्ता ओला झाला आणि घर्षणांक 0.4 वर आला तर? घर्षणबल उरते 6,000 न्यूटन. उताराचे बलही तेवढेच. शिल्लक शून्य. चालकाने पायातली सगळी ताकद ब्रेकवर लावली तरी गाडीचा वेग कमी होणार नाही. इथे चूक पायाची नाही, ब्रेकच्या अस्तराचीही नाही. रस्त्याला धरून ठेवणाऱ्या चाकांवर पुरेसा भारच नाही.

आता ट्रॉलीच्या चारही चाकांना ब्रेक बसवा. सर्व भारावर मिळून 0.3 इतकेच रोधन मिळाले असे धरा. रोधक बल होते 36,000 न्यूटन. उताराचे 6,000 वजा केले तरी 30,000 उरतात. ऋण त्वरण 2.5 आणि थांबण्याचे अंतर 5 मीटर. पन्नासाच्या जागी पाच! असे असूनही ऊसवाहतुकीच्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात.

धोका केवळ अंतराचा नाही. दोन पट्ट्या टोकाशी टाचणीने सैल जोडा. पुढच्या पट्टीला धरून ओढा. मागची मुकाट्याने रांगेत येते. आता पुढची पट्टी बोटाने अडवून मागची ढकला. जोड एका बाजूला सरकतो आणि दोन्ही पट्ट्या अडकित्त्यासारख्या मिटतात. वळणावर पुढच्याच गाडीने ब्रेक लावला आणि मागची ढकलत राहिली, की नेमके हेच घडते. ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा होतो. म्हणून मागच्या गाडीचा ब्रेक पुढच्या गाडीबरोबर, शक्य तर किंचित आधी लागावा.

हे साधण्याच्या काही पद्धती आहेत. सर्वांत साधी पद्धत ट्रॉलीच्या ढकलण्याचाच उपयोग करते. जोडदांडा थोडा आत सरकेल असा ठेवतात. ट्रॉली पुढे रेटू लागली की तो दबतो आणि तरफेने तिचे ब्रेक आवळतो. मोठ्या मालमोटारींच्या जोडगाड्यांत दाबाखालची हवा हे काम करते. रेल्वेसाठी अमेरिकेच्या जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 मध्ये हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि 1872 मध्ये त्यात मोठी सुधारणा केली: नळी तुटून हवा निघून गेली, तर ब्रेक सुटण्याऐवजी आपोआप लागावेत.

तिसरी पद्धत विजेची. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात पिकअप मोटारीमागे घोड्यांची किंवा सामानाची गाडी जोडतात, तेव्हा ती बरीच वापरली जाते. चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. 12 व्होल्टच्या बॅटरीतून त्याला सुमारे 3 अँपिअरपर्यंत प्रवाह दिला की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो आणि तरफेने ब्रेकचे जोडे ड्रमवर दाबतो. प्रवाह जितका जास्त, तितका ब्रेक जोरात. तो किती द्यायचा, हे चालकासमोर बसवलेली एक छोटी नियंत्रक पेटी ठरवते.

ही पेटी मागाहून बसवताना मुख्यतः चार तारा जोडाव्या लागतात: एक बॅटरीच्या धन टोकाकडून, एक ऋण टोकाकडे, एक ब्रेकच्या दिव्याच्या बटणाकडून आणि एक मागच्या गाडीच्या चुंबकांकडे. बॅटरीची तार आधी सोडवून ठेवायची आणि धन तारेत प्रवाह-खंडक घालायचा. ब्रेकवर पाय पडला की दिव्याच्या तारेतून पेटीला वर्दी मिळते. पण पाय हलका की जोराचा, हे तिला कळते ते आत टांगलेल्या लोलकावरून. गाडीचा वेग कमी होऊ लागला की लोलक पुढे झुकतो. जितका झुकेल तितका प्रवाह वाढतो. नव्या पेट्यांत लोलकाऐवजी त्वरण मोजणारी इलेक्ट्रॉनिक चकती असते, तत्त्व मात्र तेच. गंमत अशी, की उतारावर गाडीच्या तुलनेत लोलक आधीच पुढे झुकलेला असतो. त्यामुळे जिथे जास्त ब्रेक हवा, तिथे तो जास्तच मिळतो. याशिवाय मागच्या गाडीवर वेगळी बॅटरी आणि दोरीचे बटण असते. जोड तुटला की दोरी ओढली जाते आणि सुटलेली गाडी स्वतःलाच ब्रेक लावते.

शेवटी उष्णतेचा हिशोब. आपली 12 टनांची जोडी 2 किलोमीटर उतारावरून 100 मीटर खाली आली, तर 6,000 न्यूटन × 2,000 मीटर, म्हणजे 1 कोटी 20 लाख जूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एवढ्या उष्णतेने 30 अंशांचे सुमारे 40 लिटर पाणी उकळीला येईल! ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये ओतली, तर अस्तर तापून घर्षण कमी होते आणि ब्रेक ‘लागेनासा’ होतो. म्हणून ज्या गिअरने चढ चढतो, त्याच गिअरने उतार उतरावा. इंजिन स्वतःच गाडीला आवरते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे म्हणजे हा सर्व भार एकट्या ब्रेकवर टाकणे.

आता दोन कामे तुमच्यासाठी. एसटीतून जाताना दोऱ्याला नट बांधून लोलक करा आणि गाडी थांबताना तो किती अंश झुकतो ते कोनमापकाने पाहा. सपाट रस्त्यावर त्या कोनाचा टॅन्जंट गुणिले 10 म्हणजे गाडीचे ऋण त्वरण. 14 अंश आले, तर उत्तर सुमारे 2.5 येईल.

दुसरे काम घरचे. तुमच्याकडे किंवा शेजारी ट्रॉली असेल, तर तिच्या चाकांना ब्रेक आहेत का, आणि ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेकचे पायटे रस्त्यावर एकत्र जोडलेले असतात का, ते विचारा. नसतील, तर वरचे गणित वहीत मांडून वडीलधाऱ्यांना दाखवा. आणि तोवर, उतारावर भरली ट्रॉली येताना दिसली की तिच्यासमोरून रस्ता ओलांडू नका. चालकाने तुम्हाला पाहिले असले, तरी तो पन्नास मीटरांत थांबेलच असे नाही.