रेडिओचा जनक कोण?

रेडिओचा शोध कोणी लावला, असे विचारताच बहुतेकांच्या ओठांवर गुग्लिएल्मो मार्कोनी हे नाव येते. रशियात मात्र हा मान अलेक्झांडर पोपोव यांना दिला जातो, तर भारतात जगदीशचंद्र बोस यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. एकाच शोधाचे इतके दावेदार कसे?

रेडिओच्या मुळाशी विद्युतचुंबकीय लहरी आहेत. अशा लहरी असल्या पाहिजेत, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये गणिताच्या आधारे मांडले. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये त्या प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. पुढे १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी त्यांचे जाहीर प्रयोग केले.

७ मे १८९५ रोजी पोपोव यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे दूरवरच्या विजांची चाहूल घेणारे उपकरण सादर केले. त्याच सुमारास बोस यांनी कलकत्त्यात भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. बोस यांना व्यापारापेक्षा लहरींच्या गुणधर्मांचे आकर्षण होते. शोधातून धन मिळवणे त्यांना रुचत नसे. स्नेह्यांच्या आग्रहामुळे त्यांनी १९०१ मध्ये अमेरिकेत लहरी टिपणाऱ्या उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९०४ मध्ये मंजूर झाले.

मार्कोनींची दृष्टी निराळी होती. तारेवाचून संदेश पाठवण्याची व्यवस्था उभारणे, हे त्यांचे ध्येय होते. त्यांनी जून १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये कंपनी स्थापन केली. १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडहून निघालेला संकेत अटलांटिकपलीकडे, सुमारे ३,५०० किलोमीटर अंतरावरील न्यूफाउंडलंडमध्ये ऐकू आल्याचे त्यांनी जाहीर केले. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासह मिळाले.

वाद मात्र मिटला नाही. निकोला टेस्ला यांनी १८९७ मध्येच अमेरिकेत या क्षेत्रातील पेटंटसाठी अर्ज केले होते. जून १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेस्ला, लॉज आणि जॉन स्टोन यांच्या आधीच्या कामाचा दाखला देत मार्कोनींच्या एका पेटंटमधील महत्त्वाचे दावे रद्द ठरवले. तोवर टेस्ला व मार्कोनी दोघेही हयात नव्हते. पण रेडिओचा जनक कोण, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. त्याने केवळ पेटंटच्या हक्कांचा निवाडा केला.

पेटंट एकाच्या नावे नोंदवता येते. ज्ञान मात्र अनेकांच्या श्रमांतून वाढते. मार्कोनींनी लहरींना जगाच्या उपयोगाचे साधन बनवले, हे खरे. परंतु त्या लहरी कल्पिणारे, निर्माण करणारे आणि टिपणारे हात त्यांच्या आधीचे होते. त्या हातांची नावे जाणून घेतल्याने मार्कोनी लहान ठरत नाहीत. शोधाचा इतिहास मात्र पूर्ण होतो.

पाठगत प्रश्न
१. बोस आणि मार्कोनी यांच्या दृष्टिकोनांत कोणता फरक होता?
२. १९४३ च्या निकालाने ‘रेडिओचा जनक कोण’ हा वाद का मिटला नाही?