जुन्या मोटारींचे परीक्षण : चकाकीला किती गुण?

नव्याने उभ्या केलेल्या जुन्या मोटारीच्या परीक्षणात तीन वेगळे प्रश्न असतात. गाडी दिसते कशी, कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी आहे का, आणि ती चालते का. स्पर्धेत वाद होतात ते बहुधा या तिन्हींची एकाच आकड्यात सरमिसळ झाल्यामुळे. लख्ख चमकणारी गाडी बक्षीस घेऊन जाते; मूळ रंगाची, जरा विटलेली, पण एकही भाग न बदललेली गाडी मागे राहते. तिचा मालक पुढच्या वर्षी येत नाही. कधी येतो, पण मूळ रंग खरवडून आणि नवा थर चढवून. हे नुकसान मानापमानाच्या पलीकडचे आहे, कारण खरवडलेला मूळ रंग परत मिळत नाही.

दक्षिण गुजरातेत हा शौक परका नाही. सुरतेहून सुमारे दीडशे किलोमीटरवर वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जानेवारी २०२३ मध्ये ‘ट्वेंटीवन गन सल्यूट’ ही जुन्या मोटारींची स्पर्धा भरली होती. राजपिपळ्याच्या महाराज विजयसिंहजींचा रोल्स-रॉइसचा ताफाही याच भागातला. सुरतेसारख्या शहरातल्या गॅरेजांत मात्र संस्थानी गाड्यांपेक्षा फियाट आणि अँबेसिडर अधिक, आणि परीक्षकाचा खरा कस त्यांच्यावर लागतो. रोल्स-रॉइसच्या प्रत्येक चासीच्या नोंदी इंग्लंडमधल्या हौशी मंडळींच्या क्लबाने जपल्या आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६५ साली निघालेल्या फियाटला आतून कोणते रेक्झिन होते, हे सांगणारा कागद मिळेलच असे नाही.

पहिली दक्षता गट पाडताना घ्यावी लागते. ब्रिटिश प्रघातानुसार १९०४ पर्यंतची गाडी व्हेटरन आणि १९१९ ते १९३० मधली व्हिंटेज. भारत सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांत मात्र पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ धरली जाते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात, नोंदणी १० वर्षे चालते आणि गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे १९७० ची फियाट आरटीओच्या लेखी व्हिंटेज असते, जुन्या जाणकाराच्या लेखी नसते. प्रवेशअर्जावर वर्षांची मर्यादा आकड्यांत छापली नाही तर १९२८ ची ऑस्टिन आणि १९७० ची फियाट एकाच रांगेत उभ्या राहतात, आणि मग परीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी निकाल न्याय्य होत नाही.

दुसरा मुद्दा अस्सलपणाचा, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रिस्टोअर करणाऱ्याला गाडी कारखान्यापेक्षा चांगली करण्याचा मोह होतो, आणि परीक्षक त्या मोहाला गुण देतो. १९२४-२५ च्या गाडीचे चमकते भाग निकेलचे असत. मोटारींवर क्रोमचा सर्रास वापर त्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. निकेलची झाक किंचित पिवळसर आणि मऊ असते. त्या गाडीवर निळसर थंड चमक दिसली, तर ते काम सुबक असले तरी चुकीचे आहे. चौफुली खाचेचे फिलिप्स स्क्रू मोटारधंद्यात आले ते १९३६ च्या सुमारास, अमेरिकेत कॅडिलॅकपासून. त्याआधीच्या गाडीच्या दाराच्या बिजागरीवर ते दिसले की समजावे, मिस्त्रीने कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातला डबा उघडला. रेडियल टायर बाजारात आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. जुन्या वायरिंगवर कापडी विणीचे आवरण असे. आजचा दोन भागांचा रंग आणि त्यावरचा पारदर्शक थर यांना जी ओली चकाकी येते, ती त्या काळच्या रंगाला नव्हती. साध्या फियाटला चामड्याची सीट बसवणे हा तर सरळ गुण कापण्याचा प्रकार; तिथे टाळ्या पडतात, हे दुर्दैव.

जगात वारे फिरले आहे. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला १९५० पासून स्पर्धा भरते. तिथे अस्सलपणा तपासणारे परीक्षक वेगळे, डौल पाहणारे मानद परीक्षक वेगळे. २०२४ साली तिथला सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. एके काळी बेल्जियमच्या राजाकडे असलेली ही गाडी रिस्टोअर केलेली नव्हती, जुन्या रंगानिशी जपलेली होती. जपणूक-गटातल्या गाडीला तो मान मिळण्याची ती पहिली वेळ.

भारतीय गाड्यांचा एक पेच पुस्तकी नियमांत बसत नाही. आयातीवर निर्बंध होते त्या दशकांत परदेशी गाडीचा सुटा भाग मिळणे कठीण होते. अमेरिकन गाडीत डिझेल इंजिन बसवले गेले, अँबेसिडरचे ब्रेक, कार्बुरेटर जे हाती आले ते लावले गेले. हे सगळे बाद ठरवायचे का? जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ (स्थापना १९६६) इथे उपयोगी पडते. तिच्या वर्गवारीत मूळ नमुन्याबरहुकूम, त्याच काळात बदललेली, प्रतिकृती आणि काळाबाहेर बदललेली अशा गाड्या वेगळ्या धरल्या जातात. शिवाय मूळ, अस्सल, रिस्टोअर केलेली आणि पुन्हा बांधलेली हे जपणुकीचे गट निराळे. १९३८ साली मुंबईत बांधलेली बॉडी हा त्या गाडीचा इतिहास आहे. १९९५ साली बसवलेले डिझेल इंजिन ही सोय. दोन्हींना एकच दंड लावणे चूक.

ओळख कशावर ठरते, हा प्रश्न १९९० साली लंडनच्या हायकोर्टापुढेही आला होता. ल मांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ बेंटली विकताना खरेदीदाराने हरकत घेतली की जिंकलेल्या गाडीचे फारच थोडे भाग हिच्यात उरले आहेत. न्यायमूर्तींनी गाडी तीच असल्याचा निर्वाळा दिला, कारण ती कधी मोडून संपली नव्हती. तिचा इतिहास सलग होता. परीक्षकाने घ्यायचा धडा असा की सुट्या भागांइतकेच कागद बोलतात: जुने आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या, गॅरेजची बिले, लग्नातल्या फोटोत मागे उभी असलेली गाडी. चासी आणि इंजिनाचे क्रमांक या कागदांशी पडताळल्याशिवाय अस्सलपणाचे गुण देऊ नयेत.

सुरतेत आणखी एक बाब. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला होता. पुरात बुडालेली गाडी वरून सुंदर करता येते, पण चासीच्या पोकळीत आणि दाराच्या खालच्या कडेला गंज राहतो आणि त्यावर लांबी भरलेली असते. ही माहिती मालकाने आपणहून लिहून द्यावी. लपवलेली आढळली तर गुण कापावेत, सांगितलेली असेल तर दुरुस्तीचा दर्जा पाहावा.

आता परीक्षकांविषयी. निवाडा कसा करावा हे सुरतेला शिकवण्याची गरज नाही. विश्वासार्ह प्रयोगशाळेत हिऱ्याचा रंग ठरवताना नमुन्याचे हिरे शेजारी ठेवतात, मालकाचे नाव तपासनीसाला कळू देत नाहीत आणि एकाचे मत दुसऱ्याला न दाखवता नोंदवतात. गाडी कुणाची हे झाकणे अवघड आहे. गावभर माहीत असते. पण बाकीचे दोन्ही नियम उचलता येतात. प्रत्येक परीक्षकाने स्वतंत्र कागद भरावा. नमुना म्हणून त्या मॉडेलचे मॅन्युअल, पार्ट-कॅटलॉग आणि त्या काळच्या जाहिराती हाताशी असाव्यात. सुरुवातीला स्पर्धेत नसलेली एक गाडी सगळ्यांनी मिळून तपासली तर कोण हात सैल सोडतो आणि कोण आखडतो हे कळते. हे वर्तुळ लहान आहे. परीक्षक, गॅरेजवाले, मालक आणि प्रायोजक एकमेकांना ओळखतात. म्हणून ज्याने गाडी बांधली, विकली किंवा तिच्यासाठी भाग पुरवले, त्याने त्या गटातून बाजूला व्हावे आणि तशी नोंद करावी. प्रेक्षकांची पसंती हवीच असेल तर तिचे बक्षीस वेगळे ठेवावे. इटलीतल्या व्हिला दे एस्तेच्या स्पर्धेत तसा वेगळा चषक आहे.

राहिला तिसरा प्रश्न, गाडी चालते का. रस्त्याने चालवत आणलेल्या गाडीच्या चाकांना चिखल असणार. धुळीचे गुण कापणे म्हणजे ट्रेलरवरून आलेल्या गाडीला बक्षीस देणे.

मालकांसाठी सल्ला थोडक्यात. काम काढण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढावेत, मूळ रंगाचा एक तुकडा न खरवडता ठेवावा आणि काढलेले जुने भाग भंगारात घालू नयेत. आयोजकांनी गुणपत्रिकेचा कोरा नमुना प्रवेशअर्जासोबत द्यावा, आणि निकालानंतर भरलेली प्रत, गुण कापण्याच्या कारणांसह, प्रत्येक मालकाच्या हाती द्यावी. ती मिळेल याची हमी मालकाने प्रवेशशुल्क भरण्याआधीच मागून घ्यावी.