सात घरं बाकी: बॅकगॅमनचा एक डाव आणि रेनकोटचा माल

व्हिडिओत पट भराभर सरकला, म्हणून आकडे इथं नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊनच बसा बरं का.

बॅकगॅमन म्हणजे आपल्या सारीपाटाचा लांबचा भाऊबंद समजा. दोन खेळाडू, प्रत्येकी 15 सोंगट्या, 24 घरं, दोन फासे. सोंगट्या फिरवत आपल्या शेवटच्या सहा घरांत आणायच्या, मग पटाबाहेर काढायच्या. ज्याच्या सगळ्या आधी बाहेर, तो जिंकला. फासे आपल्याला नवे नाहीत, वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वतीही फासे खेळताना कोरलेत. पण फासा म्हटला की आपण 'नशीब' म्हणून मोकळे होतो. धंद्यातही तेच. माल विकला तर हुशारी, नाही विकला तर नशीब!

आता डाव बघा. तुमच्या दोनच सोंगट्या उरल्यात, एक सहाव्या घरात, एक दुसऱ्या. चालू चालीतलं एक घर सरकायचं बाकी आहे. समोरचा पुढच्या फाशाला नक्की संपवणार, पण त्याआधी तुम्हाला एकदा फासे टाकायला मिळतील असं धरा. मग कोणती सोंगटी सरकवाल? दुसऱ्या घरातली सरकवली तर 6 आणि 1 उरतात. सहाव्यातली सरकवली तर 5 आणि 2. दोन्हीकडे बेरीज सातच.

खाली वाचायच्या आधी उत्तर लिहा. मनात नको, कागदावर.

दोन फाशांचे प्रकार 36. 5-2 मध्ये एका फाशावर 5 किंवा 6 आणि दुसऱ्यावर किमान 2 पाहिजे, असे 16 प्रकार होतात. शिवाय दोन्ही फासे सारखे पडले तर तोच आकडा चार वेळा चालता येतो, म्हणून 2-2, 3-3 आणि 4-4 पण चालतात. झाले 19. 6-1 मध्ये एक तरी 6 पाहिजे, ते 11 प्रकार, आणि 2-2 पासून 5-5 पर्यंतच्या चार जोड्या. झाले 15. म्हणजे एका घराच्या सरकवण्यात 36 पैकी 4 संधी गेल्या की राहिल्या! आणि 4-3? बॅचमध्ये बहुतेक जण 'समतोल' म्हणून तीच मांडणी उत्तम सांगतात. मोजून पाहा, 17 येतात. दिसायला छान, पण 5-2 पेक्षा कमीच.

आता बाजू बदला. समोरच्याची मांडणी 5-2 आहे, फासे त्याच्या हातात, आणि तो म्हणतो, "पैज दुप्पट." या खेळात तशी सोय आहे. तुम्ही नाही म्हटलं तर चालू पैज हरून डाव सोडायचा, हो म्हटलं तर दुप्पट रकमेवर खेळायचं. समजा पैज 100 ची आहे. चार डाव सोडले, 400 गेले. चारही घेतले आणि एकच जिंकलात, तर 200 आले, 600 गेले, म्हणजे तेवढेच 400. म्हणून चारात एक जिंकायची शक्यता असेल तरी डाव सोडायचा नाही. इथं तर तुमच्याकडे 36 पैकी 17 आहेत. घ्याच. गंमत अशी, की त्याचं दुप्पट करणंही बरोबर, कारण त्याच्याकडे 19 आहेत. तुम्ही हरलात तरी निर्णय चुकला असं होत नाही.

हे दुकानात कसं लागतं? अकोल्याच्या बॅचमधल्या एका ताईंचा प्रश्न घेऊ. शाळेच्या सामानाचं दुकान टाकायचंय. ठोक व्यापारी 40,000 चे रेनकोट देतोय, 5,000 ॲडव्हान्स देऊन झालाय. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी सुरू होतात, त्यामुळे पाऊस आणि शाळा एकदम आल्या तर माल उडतो. उडाला तर 12,000 सुटतील. राहिला तर पडेल भावात काढून 15,000 जातील. हे अंदाज ताईंचेच.

ॲडव्हान्स दिलाच नसता, तर हा माल घ्यायला शंभरात 56 इतकी खात्री लागली असती, कारण 15 भागिले 27. पण आता नाही म्हटलं तरी 5,000 जाणार आहेत. त्यामुळे आकडा खाली येतो, 10 भागिले 27, म्हणजे शंभरात 37. खेळातला 25 इथं जसाचा तसा चिकटवू नका, दर सौद्याचा आकडा वेगळा निघतो. आणि हे पैसे घरखर्चाचे असतील तर हिशेब इथंच थांबवा. पटावर नवा डाव मांडता येतो, मुलांची फी पुन्हा उभी करता येत नाही.

ताईंना मी घ्या किंवा नका घेऊ असं सांगितलं नाही. मागच्या तीन वर्षांत माल कधी उडाला, ते टिळक रोडवरच्या दोन दुकानदारांना विचारून या, एवढंच सांगितलं. त्यांना शंभरात 50 च्या आसपास वाटलं, म्हणून त्यांनी माल घेतला. हे लिहितोय तेव्हा पाऊस यायचाय.

खेळणारे काय करतात, तर अडलेली मांडणी लिहून ठेवतात आणि नंतर तपासतात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरो यांनी टीडी-गॅमन नावाचा प्रोग्राम बनवला. तो स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला, आणि पहिल्या चालींबद्दलची जाणत्या खेळाडूंची काही मतं त्याच्यामुळे बदलली. आपल्याला लाखो डाव कुठून मिळायचे बाप्पा! वर्षात मोठे सौदे दहा-बारा. म्हणून प्रत्येक सौदा व्हायच्या आधी वहीत चार गोष्टी लिहा: तारीख, जिंकलो तर किती, हरलो तर किती, आणि शंभरात किती वाटतं. निकाल लागल्यावर तो आकडा खोडायचा नाही.

गृहपाठ: तुमची एकटी सोंगटी समोरच्यापासून सहा घरांवर असेल, तर 36 पैकी 17 फाशांना ती मारली जाऊ शकते. सात घरांवर असेल तर फक्त 6. मधली घरं मोकळी धरा आणि 17 कसे आले ते मोजून आणा.